दोन बाळं, एक आई

धाकट्या बहिणीला जुळे होणार, हे सोनोग्राफीत कळले त्या दिवशी कोंढव्यातल्या आमच्या घरी मिठाई वाटली गेली. अम्मींनी शुक्रान्याची नमाज पढली. दोन पाळणे, दोन झबली, दोघांचा अकीका, असा सगळा हिशेब दोनाने सुरू झाला. आई मात्र एकच आहे, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच तपासणीत पाहिले ते हे, की दोन्ही बाळांची वार एक आहे की वेगळी. एकच वार असेल तर एका बाळाला रक्त जास्त, दुसऱ्याला कमी मिळण्याचा धोका असतो. म्हणून चौथ्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करावी लागते. बहिणीच्या बाळांची वार वेगळी होती. तरीही जुळी पुष्कळदा दिवस भरण्याआधी येतात, तेव्हा नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच नाव घाला, असे त्यांनी बजावले.

तसेच झाले. बाळे ३५ व्या आठवड्यात आली. मुलगी २१०० ग्रॅमची, मुलगा १७५० ग्रॅमचा. अडीच किलोखालचे बाळ कमी वजनाचे धरतात. अब्बांनी दोघांच्या कानात अजान दिली आणि मुलाला लगेच काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी नेले.

दुसऱ्या दिवशी बहीण रडू लागली. "एकालाच पुरत नाही, दोघांना कुठून पाजू?" डॉक्टर म्हणाले, आईचे दूध सर्वांत चांगले. ते कमी पडले तर अशा नाजूक बाळाच्या आतड्यांना पावडरच्या दुधापेक्षा दुग्धपेढीतले मातेचे दूध बरे. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आज पुण्यातही ही सोय आहे.

आमच्या घरात शांतता पसरली. प्रत्येकाच्या मनात एकच शब्द होता, रजाअत. पेढीत अनेक मातांचे दूध एकत्र करून निर्जंतुक करतात. दूध कोणाचे हे कळत नाही. मग दूधभाऊ कोण, दूधबहीण कोण, उद्या निकाहाच्या वेळी काय? आपल्या हनफी मसलकात थोड्या दुधानेही नाते जुळते, कोकणातले शाफई बांधव पाच वेळा पाजणे धरतात. आलिमांतही यावर एकमत नाही. जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये अशा पेढ्यांना मनाई केली, तर युरोपातल्या फतवा परिषदेने २००४ मध्ये गरजेपोटी परवानगी दिली.

हे दवाखान्यात सांगायचे कसे? दुल्हेभाई कचरत होते, लोक अडाणी म्हणतील म्हणून. आम्ही शिकलेसवरलेले, वर्गात मुलांना रोज सांगतो, न कळले तर हात वर करा. पण आमचा हात काही वर होईना. शेवटी अम्मींनीच वॉर्डच्या सिस्टरांना सगळे सांगितले.

सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. "नानी, बरं झालं बोललात. मनात ठेवलं असतं तर मला कसं कळलं असतं? आणि हे बघा, एवढ्याशा बाळाला सुरुवातीला एका वेळी चमचा-दोन चमचेच लागतात. आईचंच दूध आणायचा आधी प्रयत्न करू. पण तुम्ही सगळ्यांनी मदत करायची."

दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढायचे आणि वाटी-चमच्याने पाजायचे. डॉक्टर वजनावर आणि रक्तातल्या साखरेवर लक्ष ठेवून होते. जितके काढावे तितके येते, हे सिस्टर रोज सांगत. चौथ्या दिवशी दूध उतरले, अल्हम्दुलिल्लाह. पेढीची वेळ आली नाही. आली असती तर आलिमांना विचारून, बाळाचा जीव आधी ठेवून निर्णय घेतला असता.

मग कांगारू पद्धत शिकवली. बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायचे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. जुळ्यांना दोन छात्या हव्यात. पडद्याआड एकीकडे बहीण, दुसरीकडे शर्टची बटणे उघडून दुल्हेभाई. त्यांना आम्ही इतके गंभीर कधी पाहिले नव्हते. सुटी देताना डॉक्टरांनी मुलाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिन्याच्या आत करायला सांगितली. दोन किलोखालच्या बाळांना ती चुकवू नये.

घरी आशाताई येऊ लागल्या. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घडवली, मग ती देशभर गेली. दवाखान्यात बाळंतपण झाले की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट ठरलेली असते. ताई वजन करत, ताप पाहत. बाळ दूध ओढेना, अंग गार पडले, श्वास जोरात चालला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा, असे त्यांनी आम्हा सर्वांकडून पाठ करून घेतले.

एका भेटीत त्यांनी बाळांना खाली ठेवून बहिणीला विचारले, "तुम्ही काल किती तास झोपलात?" बहिणीला रडू कोसळले. छिल्ल्याचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेले, आणि तीन आठवड्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. आम्हीही नाही.

त्या रात्रीपासून वाटणी केली. काढलेले दूध अम्मी पाजत, लंगोट दुल्हेभाई बदलत, फजरनंतर दोन्ही बाळे आमच्याकडे. बहीण सलग चार तास झोपू लागली. आज दोघे रांगतात.

आपल्या घरी जुळी आली तर मिठाई जरूर वाटा. त्याबरोबर रात्रीही वाटून घ्या. आणि मनातली शंका, मग ती दीनची असो की दुधाची, दवाखान्यात मोकळेपणाने बोला. अल्लाह सर्व मातांना सुखरूप ठेवो. आमीन.