डेट्रॉइटचं टोचन

ट्रेलर अडकवायला गाडीच्या मागे जो लोखंडी गोळा लावतात, तो अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एका पिकअपच्या नंबरप्लेटचा काही भाग या गोळ्याआड झाकला जात होता, म्हणून पोलिसांनी गाडी थांबवली. थांबवणं कायदेशीरच होतं, असा निकाल 2016 मध्ये लागला. पण हजारो तळ्यांच्या राज्यात, जिथे उन्हाळा लागला की घरोघरच्या होड्या रस्त्यावर येतात, तिथे लोकांना हे कसं पटणार? पुढे कायद्यातच दुरुस्ती झाली. गोळा, सायकलचा रॅक किंवा काढता येणारी हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, मागे लावली म्हणून आता गुन्हा होत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीहून याच राज्यातल्या डेट्रॉइट परिसरात नोकरीला आलेल्या माणसाला हे शहर अशा लोखंडी जोडण्यांमधून पटकन कळतं. जालना रोडवर बंद पडलेल्या गाडीला टोचन लावून नेताना त्याने कितीदा पाहिलेलं असतं. चिकलठाणा एमआयडीसीच्या आसपास कुठल्याही फॅब्रिकेटरकडे पिकअप नेली, की कॅरियर, मागचा हूक, जाळी, हवं ते बनवून मिळतं, तेही डोळ्यांदेखत. डेट्रॉइटला हाच उद्योग घराघरांसमोर दिसतो. गणपतीत मंडळाचं मखर आणि ढोल न्यायचे तरी कुणाच्या तरी गाडीला हिच असली की भाड्याचा ट्रेलर जोडून काम भागतं. फरक एवढाच की इथे जोडणीवर वजनाचा आकडा दिलेला असतो आणि जाणकार त्या आकड्याला मान देतात.

इलेक्ट्रिक पिकअप आल्यापासून त्या आकड्यांची किंमत आणखी वाढली आहे.

शहराला लागून असलेल्या डिअरबॉर्नमध्ये फोर्डच्या रूज कारखान्यात एप्रिल 2022 पासून एफ-150 लाइटनिंग हा इलेक्ट्रिक ट्रक बनू लागला. त्याची ओढण्याची क्षमता जास्तीत जास्त 10,000 पौंड, म्हणजे साडेचार टन. त्याआधी सप्टेंबर 2021 मध्ये इलिनॉयमधल्या नॉर्मल गावातून रिव्हियनची आर1टी बाहेर पडली होती. तिची क्षमता 11,000 पौंड. हे आकडे कंपनीच्या मनाला येतील तसे लिहिलेले नसतात. त्यासाठी 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स'चं जे2807 हे मानक आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे 18 किलोमीटरचा चढ, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसकट चढण्याची कसोटी आहे.

इलेक्ट्रिक मोटर ओढायला जबरदस्त असते, त्यात वाद नाही. अडचण बॅटरी किती पुरते याची आहे. 'मोटरट्रेंड' मासिकाने लाइटनिंगला तीन वेगवेगळ्या वजनांचे ट्रेलर लावून पाहिले. सुमारे 1,400 किलोच्या ट्रेलरसह गाडी 115 मैल गेली, 3,300 किलोच्या ट्रेलरसह 90 मैल. एरवी तिचा अधिकृत पल्ला 300 मैलांचा. वजन दुपटीहून जास्त वाढलं, तरी पल्ला त्या मानाने थोडाच घटला; खरी घट ट्रेलर जोडला तिथेच झाली होती. महामार्गावर पल्ला खाणारा शत्रू वजनापेक्षा वारा आहे. म्हणून छतावरचा रॅक वापरात नसला की उतरवून ठेवावा, हे इथले जाणकार कळकळीने सांगतात. त्यात बरीचशी चार्जिंग स्टेशनं गाडी नाकासमोर लावायला बांधलेली. ट्रेलर असला की आधी तो बाजूला सोडायचा, मग चार्जिंग, मग पुन्हा जोडणं. जानेवारीतल्या बर्फात हे काम अंगावर येतं.

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून किती किलोच्या वर जायचं नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं. नवा मालक बहुधा ट्रक किती ओढतो ते पाहतो आणि हे स्टिकर विसरतो. वास्तविक ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर खाली दाबतो. तीन टनांचा ट्रेलर असेल तर तीनशे किलो तिथेच संपले. त्यात पाच माणसं, लोखंडी रॅक, पुढचा विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) आणि त्याची जाड प्लेट धरा. सामान चढवण्याआधीच मर्यादा हाकेच्या अंतरावर येते.

रॅकचं आणखी एक दुखणं आहे. एफ-150 ची बॉडी 2015 पासून ॲल्युमिनियमची आहे. तिच्यावर उघडं लोखंड घासत राहिलं आणि मिठाचं पाणी लागलं, की जोडावर गंज धरतो, आणि ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. मीठ तर इथे मुबलक. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरलेलं असतं. म्हणून रॅकच्या क्लॅम्पखाली रबर घालतात.

विंचचं गणित सर्वांत रंजक. वाहनाच्या एकूण कमाल वजनाच्या दीडपट ओढणारा विंच घ्यावा, असा रिवाज आहे. हे ट्रक इतके जड की बारा हजार पौंडांच्या आसपासचा विंच लागतो. पूर्ण ताण आला की तो 12 व्होल्टवर 400 अँपिअरच्या घरात वीज खेचतो. खाली जमिनीलगत प्रचंड बॅटरी आहे खरी, पण ती शेकडो व्होल्टची. विंचला मिळते ती कन्व्हर्टरमधून उतरवलेली 12 व्होल्टची वीज, आणि तो कन्व्हर्टर दिवे-पंख्यांच्या हिशोबाने बसवलेला. टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तर 12 व्होल्टच्या जागी ही दुय्यम यंत्रणा 48 व्होल्टची आहे. वीज अशी मोजकी असल्यामुळे विंच थोडा थोडा चालवायचा, मध्ये थांबायचं आणि जमेल तिथे कप्पी लावायची. कप्पीने ताण निम्मा होतो आणि वीजही कमी लागते.

फोर्डने 2025 च्या अखेरीस पूर्ण इलेक्ट्रिक लाइटनिंग बंद करत असल्याचं जाहीर केलं. रस्त्यावर आलेले ट्रक मात्र वर्षानुवर्षं चालणार आणि त्यांना जोडण्या लागणारच.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. त्याआधी डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने पुढच्या क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. तो रोख योग्यच होता. पादचाऱ्याला लोखंडी गार्डाचा मार भयंकर बसतो. पण शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या मालवाहू गाडीला हूक आणि कॅरियर लागतं, हेही तितकंच खरं. बंदी आणि गुपचूप वेल्डिंग यांच्यामध्ये प्रमाणित जोडणीची वाट हवी. फोर्ड आपल्या ट्रकवर काम करणाऱ्या कारागिरांसाठी 'बॉडी बिल्डर लेआउट बुक' काढते. भोक कुठे पाडायचं, कुठे मुळीच नाही, हे त्यात आकृतीसह दिलेलं असतं. भारतीय कंपन्यांनीही असं पुस्तक काढावं, तेही मराठीत.

संभाजीनगरजवळच्या बिडकीनला इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरने 2024 मध्ये कारखाना जाहीर केला, टाटा एस ईव्ही मालवाहतुकीत उतरून काही वर्षं झाली आहेत. उद्या अशी इलेक्ट्रिक मालवाहू गाडी कॅरियरसाठी मुकुंदवाडी-चिकलठाण्याच्या शेडमध्ये उभी राहील. तिथल्या कारागिरांना एकच विनंती: वेल्डिंगचा होल्डर हातात घेण्याआधी गाडीखाली वाकून जास्त व्होल्टच्या, नारिंगी रंगाच्या केबल्स कुठून गेल्या आहेत ते पाहा, आणि त्यांच्या वाटेत किंवा बॅटरीच्या पेटीला ड्रिल लावू नका.