मामंजींची लाल गाडी



लाल गाडी ज्यांच्या दारात वीस-पंचवीस वर्षं उन्हात उभी आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल. आधी टप फिका पडतो, मग बॉनेट. लाल जाऊन गुलाबट, मग पांढुरकं. हात फिरवला की बोटांना खडूसारखी पूड लागते. आमची 1996 ची मारुती 800 अशीच झाली होती. दार उघडलं की आतल्या कडेला, जिथं ऊन पोचत नाही, तिथं मात्र अजून कुंकवासारखी लाल.

दिरांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि घरात विषय निघाला. ही काढून दुसरी घ्या, नाहीतर निदान रंगवून तरी घ्या, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. दुसरी घेण्याचा प्रश्न नव्हता. मामंजींनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलंय, त्यात वाहन एक. ही चालते आहे तोवर ही. मग गॅरेजवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, सगळा रंग घासून काढू आणि नवा मारू. मामंजींनी एकच विचारलं, "रंग वरवर मेलाय, की आतपर्यंत?" त्याला ते सांगता येईना.

ते घरच्या घरी कळतं, म्हणून हे लिहितेय. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात हलक्या हातानं घासायचं. फडक्यावर गाडीचाच रंग उतरला, तर वरचा थरच रंगीत आहे, त्यावर वेगळा पारदर्शक थर नाही. अशा रंगाचं वरचं कातडं तेवढं ऊन आणि हवेनं मरतं, खाली जिवंत रंग असतो. फडकं स्वच्छ राहिलं तर वर लॅकर आहे. तो नुसता मंद झाला असेल तर पॉलिशनं सुधारतो, पण पापुद्रे सुटून पांढरे डाग पडले असतील तर पॉलिशवर पैसे घालवू नका, तिथं रंगाऱ्याचंच काम. आमचं फडकं लालभडक झालं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रंग निघून चाललाय!"

खरं तर त्या बरोबरच बोलल्या. गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दोनेक केसांएवढी जाडी. त्यातला वरचा रंग आणखी पातळ. चमक आणायची म्हणजे त्यातलंच थोडं खरवडायचं. आज आरशासारखी केली, पुढच्या वर्षी पुन्हा केली, तर एके दिवशी खालचा अस्तराचा रंग दिसायला लागेल. कारखान्यात बसलेला रंग एकदाच मिळतो. म्हणून मी ठरवलं की शोरूमसारखी करायची नाही. लाल दिसली की थांबायचं.

काम चातुर्मासाच्या आधी काढलं. आरशाच्या मागे कोळी, दाराच्या रबरात मुंग्या, वायपरखाली काय काय. मऊ कुंचल्यानं एक दिवस आधी हळूच सगळ्यांना बाजूला केलं आणि पाणी दुसऱ्या दिवशी घेतलं. पाइप लावला नाही. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. फडक्यातली वाळू पुन्हा रंगावर गेली की ओरखडे पडतात, म्हणून दुसरी बादली हवीच. पुसायला चामड्याचं फडकं देतात, ते घरात नको. मायक्रोफायबर त्याहून चांगलं पुसतं.

मग सावलीत, पत्रा गार असताना, बारीक पॉलिश. जाड रबिंग कंपाउंड नाही. एका वेळी दोन वितींचा तुकडा. कडा आणि उंच घड्या यांवर रंग सगळ्यात पातळ, तिथं आधी चिकटपट्टी लावली. आमच्याकडे कुणी डिझेलचा बोळा फिरवायला सांगितलं होतं. चकाकतं खरं, पण दोन दिवसांत सगळी धूळ त्यावर.

अडले ते मेणावर. घासून झालं की वर मेण हवंच, नाहीतर पुन्हा खडू. आणि गाडीच्या काही मेणांत मधमाश्यांचं मेण असतं. मद्य, मांस, मधू यांचा त्याग आपल्या अष्टमूलगुणांत पहिला, मग पोळं पिळून काढलेलं मेण गाडीला कसं चोपडायचं? कार्नोबा हे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण, ते चालतं. पण डब्यावर कार्नोबा लिहिलं तरी आत दुसरं मिसळलेलं असू शकतं. विकणाऱ्याला विचारा, आणि नक्की सांगता येत नसेल तर मेणाऐवजी कृत्रिम सीलंट घ्या. मी तेच घेतलं.

चार दुपारी गेल्या. दंड भरून आले. मध्ये मनात आलं, एका पत्र्यासाठी एवढं, ही आसक्ती नाही का? तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे मूर्च्छा सांगितली आहे, वस्तू नव्हे. मामंजींना विचारलं. ते म्हणाले, "उद्या ओरखडा पडला तर तुला जेवण जाईल का? जाईल ना? मग कर." आणि पेपर वाचायला लागले.

टप पूर्ण सुधारला नाही. मधोमध एक फिकट पट्टा राहिलाय, तिथं रंग इतका पातळ आहे की मी हात लावला नाही. चालकाच्या दारावर सासूबाईंच्या बांगड्यांनी पडलेल्या रेघाही तशाच ठेवल्या, त्या घालवायला फार खोल जावं लागलं असतं. लग्नाला गाडी गेली. नवरीच्या मामांनी विचारलं, कुठून रंगवून घेतली? ह्यांनी सांगितलं, रंग जुनाच आहे. त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून दार उघडून आतली कड दाखवली. बाहेरचा लाल अजून तिच्याइतका नाही, पण जवळ आलाय.

डिकीचं दार राहिलंय. आता पाऊस लागला, ते कार्तिकानंतर.