पाणी तेच, हवा निराळी

लखनौच्या चौकात, गोल दरवाज्याजवळच्या एका जुन्या घरात आम्ही काही वर्षे भाड्याने राहत होतो. समुद्र तेथून शेकडो कोस दूर. कोकणात वाढलेल्या माझ्या मनाला तेवढाच विरंगुळा म्हणून मी खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी मांडली होती. जिवंत प्रवाळांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे चुनखडीचे दगड, त्यांवरील शेवाळ आणि दोन विदूषक मासे एवढाच आमचा समुद्र होता.

त्या पौषात आई रत्नागिरीहून आली. लखनौची थंडी तिला सोसेना. टाकीच्याच खोलीत तिचा बिछाना घातला, दारेखिडक्यांच्या फटी कापडाने बुजविल्या आणि रात्री कोळशाची शेगडी ठेवू लागलो. त्याच आठवड्यात टाकीचा सामू, म्हणजे पाण्याची आम्लता दाखविणारा अंक, डळमळू लागला. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारणतः 8.1 असतो. टाकीचा सामू संध्याकाळी 8.0 असे; पहाटे मात्र तो 7.7 वर उतरे. हा अंक 0.3 ने उतरला की आम्लता दुप्पट होते.

थोडा चढउतार स्वाभाविकच. दिवसा उजेडात शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. रात्री श्वसनामुळे तो वायू पुन्हा पाण्यात साठतो व पाणी आम्लतेकडे झुकते. एवढे ठाऊक असल्याने मी पाण्यालाच दोषी ठरविले आणि रोज त्यात खाण्याचा सोडा मिसळू लागलो. सामू जेमतेम हलला. पंपावर मात्र पांढरा थर चढला.

एके सकाळी आई कपाळ दाबीत म्हणाली, "बाळ, तुझ्या माशांचं पाणी रात्रीतून बिघडतं, अन् माझं डोकंही पहाटेच दुखतं. दोघांना एकच बाधा झाली की काय?"

मी हसलो, पण ते शब्द मनातून जाईनात. अखेर टाकीतील पाण्याचे दोन पेले भरले. एक खोलीतच ठेवला. दुसरा गच्चीवर नेऊन तासभर त्यात हवेचे बुडबुडे सोडले. खोलीतल्या पेल्याचा सामू 7.7 च राहिला, गच्चीवरच्याचा 8.2 झाला. पाणी तेच, हवा निराळी!

माझ्या अंगावर काटा आला. कोंडलेल्या खोलीत आमच्या श्वासाचा आणि कोळशाचा कार्बन डायऑक्साइड साठत होता व पाणी तो मुकाट्याने नोंदवीत होते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. माझे यंत्र तो वायू दाखवीत नव्हते. आईचे डोके बहुधा दाखवीत होते. माशांसाठी मी दिवसातून दोनदा अंक टिपीत होतो, आणि आईच्या दुखण्याला थंडीचे नाव देऊन मोकळा झालो होतो.

त्याच दिवशी शेगडी बाहेर काढली, आईला दोन रजया आणि गरम पाण्याची पिशवी दिली, झरोका उघडला आणि पंपाची हवेची नळी खिडकीबाहेर सोडली. चार दिवसांत पहाटेचा सामू 8.0 वर स्थिरावला. आईचे डोके दुखणेही थांबले.

बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून कोणीही झोपू नये, हे मला माशांच्या टाकीने शिकविले. उघड्या झरोक्यातून आता पहाटे मक्खन-मलाईवाल्याची हाक ऐकू येई, आणि आई विचारी, "आज पाण्याचा आकडा किती रे?" मी आधी तिची झोप कशी झाली ते विचारून घेई, मगच आकडा सांगे.