कांहीं केल्या न जाणारें दप्तर

घरांतील अडगळ माळ्यावर चढते, तेव्हां ती निदान डोळ्यांना दिसते. दिवाळीपूर्वीं शिडी लावून वर जावें लागतें, नाकातोंडांत धूळ जाते, आणि तुटकी छत्री किंवा बिनकानाचा कप हातांत घेऊन ‘हें ठेवावें कीं टाकावें’ असा प्रश्न स्वतःस विचारणें प्राप्त होतें. संगणकाच्या हार्ड डिस्कवरील अडगळीचें तसें नाहीं. ती कोणाच्या पायांत येत नाहीं, तिला कसर लागत नाहीं, आणि तिच्या ओझ्यानें तुळई वांकत नाहीं. ती निमूटपणें वाढत राहते. एके दिवशीं ‘आतां जागा उरली नाहीं’ म्हणून यंत्र हात वर करतें, तेव्हां कोठें घरांतील मंडळी जागीं होतात. मग एखादें फुगलेलें फोल्डर शोधून तें पुसण्याचा हुकूम सोडला जातो, आणि खरी मौज येथेंच सुरू होते; कारण तें फोल्डर जागचें हलत नाहीं.

फोल्डरास आम्ही दप्तर म्हणतों. रुमालांत बांधलेल्या जुन्या दप्तराप्रमाणेंच त्यांतहि फायली असतात, फायलींबरोबर पोटदप्तरें असतात आणि त्यांच्या पोटांत आणखी दप्तरें असतात. नवशिक्यास प्रथम चमत्कार वाटतो तो असा कीं, चारपांच गिगाबाइटांचा एखादा अख्खा चित्रपट डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच नाहींसा होतो; परंतु त्याच्या दहाव्या हिश्शाएवढें, पण दोन लाख चिमुकल्या फायलींनीं भरलेलें दप्तर पुसावयास घेतलें, तर चहा होतो, जेवण होतें, तरी कामाची पट्टी अर्ध्यावरच रेंगाळत असते. ह्याचें कारण असें कीं, यंत्र पुसतें म्हणजे वस्तुतः मजकूर पुसतच नाहीं. कोणता मजकूर डिस्कवर कोठें आहे ह्याची एक अनुक्रमणिका असते. तींतील नोंद रद्द करून ‘ही जागा मोकळी’ असा शेरा मारला, कीं यंत्राचें काम आटोपलें. जुन्या डॉस पद्धतींत तर फायलीच्या नांवाचें पहिलें अक्षर तेवढें काढून तेथें एक ठराविक खूण करीत. बाकीचें नांव व सारा मजकूर पुढें त्या जागेवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत जेथल्या तेथें राही. चित्रपट केवढाहि असला तरी त्याचें नांव एक. चिमुकल्या फायलींचीं नांवें दोन लाख. यंत्रास भार होतो तो नांवांचा.

त्यांत विंडोजची शिस्त अशी कीं, काम सुरू करण्यापूर्वीं सगळ्या फायलींची मोजदाद व्हावी. शिवाय टाकलेली फाईल ‘रीसायकल बिन’ नांवाच्या टोपलींत जावयाची असली, तर ती मूळची कोठली हेंहि लिहून ठेवावें लागतें. लहान फायलींचा आणखी एक गुण म्हणजे त्या आपल्या आकारापेक्षां अधिक जागा अडवितात. डिस्कवरील जागा बहुधा 4,096 बाइटांच्या कप्प्यांनीं वाटली जाते. पांच हजार बाइटांची फाईल असली तरी ती दोन कप्पे व्यापून बसते.

पण सावकाश जाणें वेगळें आणि मुळींच न जाणें वेगळें. दप्तर हटून बसतें, त्यालाहि कारणें असतात. एखादी फाईल दुसऱ्या कोणत्या तरी प्रोग्रामानें उघडून ठेवली असेल, तर विंडोज ती सहसा पुसूं देत नाहीं. युनिक्सची रीत निराळी आहे. तेथें नांव तत्काळ काढून टाकतात. परंतु ज्यानें फाईल उघडली आहे त्याचें वाचन संपून तो ती मिटीपर्यंत मजकुरास धक्का लागत नाहीं. दुसरें कारण पत्त्याचें. विंडोजमध्यें फायलीच्या संपूर्ण पत्त्यास पूर्वापार 260 अक्षरांची मर्यादा आहे. दप्तरांत दप्तर घालीत गेलें, कीं पत्ता इतका लांबतो कीं ती फाईल डिस्कवर असूनहि तिला हांक मारतां येत नाहीं. आणि जिला हांक मारतां येत नाहीं, तिला घालवितां तरी कसें येणार? 2016 सालीं विंडोज 10 मध्यें ही मर्यादा सैल करण्याची सोय झाली. तथापि ती मुद्दाम चालू करावी लागते आणि प्रोग्रामालाहि ती मानवावी लागते. साधा उपाय म्हणजे वरच्या दप्तरांचीं लांबलचक नांवें बदलून एकेका अक्षराचीं करावीं. पत्ता आंखूड झाला कीं वाट मोकळी होते.

ह्या साऱ्या हटवादीपणावर जालीम औषधेंहि आहेत. विंडोजबरोबरच येणाऱ्या ‘रोबोकॉपी’ नांवाच्या हुकमाचा उपयोग जाणते लोक मोठ्या युक्तीनें करतात. ते एक नवें रिकामें दप्तर तयार करतात आणि ‘हें भरलेलें दप्तर त्या रिकाम्यासारखें कर’ अशी आज्ञा देतात. रिकाम्यांत कांहींच नसल्यामुळें भरलेल्यांतील सर्व कांहीं नाहींसें होतें. लांबलेला पत्ताहि त्यास अडवीत नाहीं. युनिक्समध्यें ‘आरएम’ हीं दोन अक्षरें पुरतात. दप्तरांतील सगळीं नांवें एकदम तिच्या हातीं देऊं गेलें तर यादी फार लांबली म्हणून ती अडते. पण एकेक नांव शोधून तेथल्या तेथें घालविणारा ‘फाइंड’ हा हुकूम अडत नाहीं. हीं औषधें वाटेंत प्रश्न विचारीत नाहींत, आणि त्यांनीं घालविलेलें टोपलींतहि सांपडत नाहीं.

येथें मात्र आम्हांस वाचकांस क्षणभर थांबवावेंसें वाटतें. आमच्या घरीं फोनवरून संगणकावर उतरविलेलें असेंच एक दप्तर होतें. फायली लाखाच्या वर. त्यांत शुभप्रभातीचीं गुलाबपुष्पें होतीं, संक्रांतीच्या तिळगुळाचीं चित्रें होतीं आणि एकच विनोद दहा ठिकाणांहून आलेला होता. घरांतील तरुण मंडळींचें मत तें समूळ उडवावें असें पडलें, आणि तें अगदींच गैर नव्हतें. परंतु त्याच ढिगांत व्हॉट्सॲपवर आलेले बोलके निरोपहि होते, आणि त्यांचीं नांवें पाहतां ‘पीटीटी’ हीं तीन अक्षरें, तारखेचे आंकडे आणि एक अनुक्रमांक एवढेंच. कोण बोलत आहे हें नांवावरून कळण्याचा मार्ग नाहीं. तीन संध्याकाळ सर्वांनीं मिळून ते ऐकले. बहुतेक भाजी आणण्याविषयींचे निघाले. मात्र त्यांत अकरा निरोप आमच्या मावशींचे होते. मावशी 2021 सालीं गेल्या. एकांत त्या कैरीच्या लोणच्याचें प्रमाण सांगतात, मध्येंच खोकतात आणि ‘मोहरी फेसून घे गं, नुसती टाकूं नकोस’ म्हणून सुनेस बजावतात. तो ऐकतांना कोणी कांहीं बोललें नाहीं.

यंत्र नांवांचा व्यवहार करतें. शुभप्रभातीचें गुलाब आणि मावशींचा खोकला ह्या त्याच्या लेखीं दोन सारख्याच नोंदी. ‘पुसावयाचें निश्चित ना?’ असा प्रश्न तें दोहोंविषयीं एकाच शब्दांत विचारतें. आणि तो इतक्या वेळां विचारला गेला आहे कीं ‘होय’ म्हणण्याची संवय मनाच्या आधीं बोटाला झाली आहे. पूर्वीं चूक झाली तरी चकतीवर मागें राहिलेला मजकूर परत मिळण्याची आशा असे. आतांच्या एसएसडी डिस्कमध्यें ‘ट्रिम’ नांवाची सोय असते. मोकळी झालेली जागा लगेच डिस्कला कळविली जाते आणि मग मजकूर बहुधा परत येत नाहीं. आणि दप्तर जर इंटरनेटवरील सांठ्याशीं जोडलेलें असेल, तर एका ठिकाणीं पुसलेलें घरांतील सर्व यंत्रांवरून नाहींसें होतें.

म्हणून सगळेंच जपावें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत हजारों रुमाल वर्षानुवर्षें बांधलेले होते. गोविंद सखाराम सरदेसाई आणि त्यांचे साहाय्यक ते सोडून वाचीत बसले, तेव्हां त्यांतून 1930 ते 1934 ह्या काळांत निवडक कागदांचे 45 खंड बाहेर पडले. रुमाल टिकले हें खरें. पण मोडी वाचून कोणता कागद कामाचा हें ठरविणारा माणूस भेटला, तेव्हांच ते बोलके झाले. घरच्या दप्तरास असा संशोधक कोठून मिळणार? तें काम घरांतल्यांनींच, आणि आवाज ओळखणारीं माणसें आहेत तोंवर, उरकलें पाहिजे. दप्तर हटून बसलें कीं जालीम हुकूम सोडण्याआधीं तें एकदां उघडावें. जें ठेवावयाचें तें वेगळें काढून त्यास माणसाचें नांव व वर्ष द्यावें, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. आमच्या त्या अकरा फायलींस आतां मावशींचें नांव आहे. राहिलेलीं लाखभर नांवें रोबोकॉपीनें घालविलीं, आणि त्यांतील एकाचीहि आम्हांस पुन्हां आठवण झाली नाहीं.