पिला हाऊस ते मराठा मंदिर

चर्नी रोड स्टेशनवरून गिरगावात प्रार्थना समाजाकडे चालत गेले की 'मॅजेस्टिक' नावाचे शॉपिंग सेंटर लागते. तेथे खरेदीला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की याच जागी मॅजेस्टिक सिनेमा होता आणि १४ मार्च १९३१ रोजी भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' येथेच झळकला. गर्दी इतकी, की आवरायला पोलीस बोलवावे लागले.

या बोलपटाची भाषा हिंदुस्तानी होती. दिग्दर्शक अर्देशीर इराणी पारशी, तर कथा जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरची. नायिका जुबेदा ही फातमा बेगम यांची मुलगी. फातमा बेगम यांनी १९२६ मध्येच चित्रपट दिग्दर्शित केला होता. भारतातल्या त्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. आणि भारतीय पडद्यावरचे पहिले गाणे गायले ते फकिराच्या भूमिकेतल्या वजीर मोहम्मद खान यांनी.

एका रविवारी आम्ही दोन-तीन शिक्षक मंडळी मॅजेस्टिकच्या या जागेपासून मुंबई सेंट्रलपर्यंत पायी निघालो. अंतर फार नाही, पण मुंबईच्या करमणुकीचा दीडशे वर्षांहून अधिक इतिहास या वाटेवर पसरलेला आहे.

जवळच रॉयल ऑपेरा हाऊस आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालेली ही वास्तू १९९३ मध्ये बंद पडली आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडली. तिची मालकी गोंडलच्या राजघराण्याकडे आहे. ज्यांच्या मागे राजघराणे नव्हते त्या थिएटरांचे काय झाले, हे पुढच्या वाटेवर दिसते.

फॉकलंड रोडचे आजचे नाव पठ्ठे बापूराव मार्ग. इथल्या नाटकगृहांना इंग्रज 'प्ले हाऊस' म्हणत. लोकांच्या तोंडी त्याचे 'पिला हाऊस' झाले. त्याआधी १८४६ मध्ये नाना शंकरशेट यांच्या जागेवर ग्रँट रोड थिएटर उभे राहिले होते. १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांनी तिथे आपले खेळ केले आणि त्याच वर्षी पारशी मंडळींचे नाटकही रंगले. पुढे पारशी कंपन्यांनी उर्दू नाटके हाती घेतली. मालक पारशी, लेखक उर्दूचे मुन्शी आणि प्रेक्षक सगळ्या जातिधर्मांचे, असा हा कारभार होता. आगा हश्र काश्मीरी यांचे 'यहूदी की लडकी' याच परंपरेतले. त्यावरूनच बिमल रॉय यांनी १९५८ मध्ये दिलीपकुमारांना घेऊन 'यहूदी' काढला. सिनेमा आला तेव्हा यातल्या अनेक नाटकगृहांत पडदे लागले. आल्फ्रेड टॉकीज हे पूर्वीचे रिपन थिएटर.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून आम्हाला या थिएटरांचे मोल वेगळे वाटते. गोदीत ओझी वाहणारा कोकणी माणूस, गिरणीतला घाटावरचा कामगार, गुजराती दुकानदार, यांच्यापैकी कितीजण उर्दू वाचू शकत होते? पण ते ऐकत होते. इज्जत, फर्ज, इन्साफ, वफा हे शब्द त्यांनी स्वस्त तिकिटाच्या बाकावर बसून आपलेसे केले. पडद्यावर चित्रपटाचे नाव इंग्रजी, नागरी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत येई. रस्त्यावर रंगवलेले फलक असत. एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात याच ग्रँट रोड परिसरात राहून असे फलक रंगवले.

आपल्या कित्येक घरांत सिनेमाला जाणे पसंत केले जात नसे, हेही खरे. वडीलधाऱ्यांचा तो विचार होता आणि त्याचा मान राखायलाच हवा. पण ज्या घरांत परवानगी होती, तिथल्या बायकांसाठी तिकीट खिडकीवरची वेगळी रांग ही मोठी सोय होती. घराबाहेर तीन तास निवांत बसता येईल अशा जागा त्यांना तेव्हा फारशा नव्हत्या.

लॅमिंग्टन रोडवर नाझची इमारत लागते. तिथल्या वितरकांच्या कचेऱ्यांत चित्रपटांचे नशीब मोजले जाई. याच रस्त्यावर मिनर्व्हा होते. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला 'शोले' तिथे पाच वर्षे चालला. सलीम-जावेद यांचे संवाद इतके गाजले की गाण्यांसारखी संवादांचीही रेकॉर्ड निघाली. आज ते मिनर्व्हा नाही.

ही थिएटरे एका कारणाने बंद पडली नाहीत. १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन आले, ऐंशीच्या दशकात व्हिडिओ, मग केबल. नव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. हजार खुर्च्यांची जुनी थिएटरे रिकामी पडू लागली आणि त्यांच्या जमिनीचे भाव चढत गेले. शेवटी करोनाची टाळेबंदी आली. प्रत्येक थिएटरबरोबर डोअरकीपर, ऑपरेटर, बुकिंग क्लार्क आणि बाहेरचा चणेवाला यांचीही रोजी गेली. आणि कमी पैशांत सगळ्या थरांतली माणसे एका छताखाली बसण्याची जागा गेली. मल्टिप्लेक्सच्या तिकिटात पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब बसत नाही.

वाटेच्या शेवटी, मुंबई सेंट्रल स्टेशनसमोर, मराठा मंदिर आहे. ५ ऑगस्ट १९६० रोजी येथे 'मुघल-ए-आझम' आला तेव्हा त्याची रिळे सजवलेल्या हत्तीवरून आणली होती आणि निमंत्रणे उर्दूत, शाही फर्मानासारखी लिहिली होती. घरून आलेले डबे खात लोक दिवसदिवस रांगेत बसले. फेब्रुवारी १९७२ मध्ये 'पाकीजा' इथेच प्रदर्शित झाला; दोन महिन्यांच्या आत मीनाकुमारी गेल्या. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' १९९५ पासून येथे वीस वर्षांहून अधिक काळ रोज दाखवला गेला. गाडीची वाट पाहणारे प्रवासीही कमी दराचे तिकीट काढून तो पाहत.

'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले १९६४ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता. आता त्या बोलपटाची काही छायाचित्रे आणि जाहिराती तेवढ्या उरल्या आहेत. थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, उर्दूतली हस्तपत्रके, तिकिटांचे तुकडे अजूनही काही घरांत जुन्या पेटीच्या तळाशी सापडतील. ते रद्दीत घालू नका. घरात उर्दू वाचणारे कोणी असेल तर आधी मुलांना ते वाचून दाखवायला सांगा, आणि मग संग्रहालयाला पत्र लिहा.