राजा अडीच घरं जातो तेव्हा...

मंडळी, सध्या वीकांताचा एक उद्योग चालू आहे. सनफिश नावाचं बुद्धिबळाचं एक ओपन सोर्स इंजिन पायथनमधून जावास्क्रिप्टमध्ये आणतोय. लिहिणाऱ्याचं नाव थॉमस आले. (हे आडनाव आहे, क्रियापद नाही :-)) गंमत म्हणजे टिपा आणि रिकाम्या ओळी सोडल्या तर सगळं इंजिन शे-सव्वाशे ओळींत बसतं. स्टॉकफिशसारखं जगज्जेतं इंजिन उघडून बघायला गेलं की दोन फायलींतच झोप लागते. सनफिश एका दुपारी अथपासून इतिपर्यंत वाचून होतं.

आता कुणी विचारेल, स्टॉकफिश ब्राउझरमध्ये आयतं चालतंय, लिचेसवर फुकट खेळता येतंय, मग हा उपद्व्याप कशाला? तर आमच्या आबांसाठी. आबा राहतात पारनेर तालुक्यात, सुप्यापासून थोडं आत. वय चौऱ्याऐंशी. फोन आहे पण रेंज फक्त गच्चीवर, आणि गच्चीवर त्यांना आता चढवत नाही. त्यामुळे मला हवी होती एकच फाईल, व्हॉट्सॅपवरून पाठवली की फोनमध्ये उघडणारी, इंटरनेट न मागणारी. जावास्क्रिप्ट त्यासाठी बरी. पण खरी अडचण वेगळी होती, आबा जे बुद्धिबळ खेळतात ते कुठल्याच ॲपमध्ये नाही. त्याकडे येतोच, आधी थोडं पोर्टिंगबद्दल.

एका भाषेतून दुसरीकडे कोड नेणं म्हणजे ओळीला ओळ लिहिणं असं वाटतं. तसं ते असतंही, फक्त एकसारख्या दिसणाऱ्या ओळी दोन्हीकडे एकच काम करत नाहीत. सनफिशचा पट म्हणजे १२० अक्षरांची एक लांबलचक स्ट्रिंग, दहा अक्षरांच्या बारा ओळी. मधली ६४ घरं खरी, बाकी सगळी मोकळी जागा. घोडा पटाबाहेर उडाला की मोकळ्या जागेत पडतो आणि कळतं की चाल बाद. ए१ हे घर ९१ नंबरचं. ई२ येतं ८५ नंबरला. घराचं नाव छापताना तो ८५ मधून ९१ वजा करतो, आले उणे ६, आणि त्याला १० ने भागतो. पायथन भागाकार खाली उतरवतं, म्हणजे भागाकार उणे १, बाकी ४. चार म्हणजे ई, बरोबर. जावास्क्रिप्टमध्ये हीच बाकी येते उणे ६. उणे सहावा स्तंभ कुठं असतो म्हणे?

दुसरी भानगड याहून वाईट, कारण ती दिसतच नाही. इंजिन एकदा तपासलेली स्थिती लक्षात ठेवतं, म्हणजे वेगळ्या क्रमाने तिथंच आलो तर पुन्हा डोकं चालवायला नको. पायथनमध्ये अख्खी स्थितीच डिक्शनरीची किल्ली म्हणून वापरता येते. जावास्क्रिप्टचा मॅप मात्र दोन ऑब्जेक्टांत आतमध्ये काय आहे ते बघत नाही, वस्तू तीच आहे का एवढंच बघतो. तसंच्या तसं उतरवलं तर इंजिन चाली बरोबर करतं, एकही एरर येत नाही, फक्त स्मरणशक्ती शून्य आणि मेमरी मात्र फुगत जाते! म्हणून स्थितीची आधी एक स्ट्रिंग बनवायची आणि ती किल्ली म्हणून वापरायची.

पायटॉर्चवाले सौमिथ चिंतला यांनी हेच सनफिश लुआमध्ये ओळीला ओळ नेलं आहे. लुआत मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू होते. १२० घरांचा पट, त्यात जागोजागी एकची दुरुस्ती... माझी जावास्क्रिप्ट त्यापुढे माहेरच म्हणायची.

कोड बरोबर उतरला हे ओळखायचं कसं? यासाठी एक सोपी, जुनी पद्धत आहे, पर्फ्ट. सुरुवातीच्या मांडणीपासून कायदेशीर चाली मोजत जायचं. पहिल्या चालीला २०, दोन्ही बाजूंची एकेक चाल झाली की ४००, मग ८,९०२, मग १,९७,२८१, मग ४८,६५,६०९. हे आकडे जगभर ठरलेले आहेत. तुमचा आकडा एकाने जरी चुकला तरी कुठंतरी एन पासां किंवा किल्लेकोटात माशी शिंकली आहे. अशी परीक्षा हापिसातल्या कोडला असती तर मी रोज साडेसहाला घरी गेलो असतो.

आता आबा. आबांचं बुद्धिबळ देशी. प्यादं एकच घर चालतं, पहिल्या चालीलाही. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला डावात एकदा, आणि शह बसायच्या आधीच, घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की मनाला येईल ते होत नाही, ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचलं तेच होतं. हत्तीच्या रांगेत हत्ती, उंटाच्या रांगेत उंट, राजाच्या आणि वजिराच्या रांगेत वजीर. तेही ते मोहरं आधी मेलेलं असेल तरच, नाहीतर बसा सातव्या घरात वाट बघत. मांडणीतही फरक आहे, आबांच्या पटावर राजासमोर राजा नसतो, राजासमोर वजीर असतो. गावागणिक हे नियम थोडेफार बदलतात, मी सांगतोय ते आमच्या गावचे.

कोडमध्ये हे घालायला बसलो आणि चक्क आनंद झाला. सनफिश प्रत्येक स्थितीबरोबर पट आणि गुण सोडून आणखी चार गोष्टी बाळगतो. दोन्ही बाजूंच्या किल्लेकोटाचे हक्क, एन पासांचं घर आणि किल्लेकोट करताना राजाने ओलांडलेलं घर. चारही उडाल्या! त्यांच्या जागी फक्त दोन, ह्याची उडी शिल्लक आहे का, त्याची आहे का. उडी तर एका ओळीत झाली, राजाच्या दिशांच्या यादीला घोड्याची यादी जोडायची. आणि याहून सुंदर गोष्ट पटाची. सनफिश काळ्याची चाल वेगळी लिहितच नाही. पट अर्धा वळसा फिरवतो, काळ्याचं पांढरं करतो आणि पुन्हा पांढऱ्याचीच चाल शोधतो. आंतरराष्ट्रीय मांडणीत असं फिरवलं की काळा राजा ई ऐवजी डी च्या घरात येतो, म्हणून किल्लेकोटासाठी डावं-उजवं सांभाळावं लागतं. राजासमोर वजीर असेल तर फिरवलेला पट हुबेहूब तोच. थॉमसने कोड लिहिला तिकडच्या खेळासाठी आणि तो जास्त चपखल बसला पारनेर तालुक्यात :-)

पण सगळं इतकं गोड नाही. सनफिशला शह म्हणजे काय हेच माहीत नाही. त्याच्या लेखी प्यादं १००, वजीर ९२९ आणि राजा ६०,०००. पुढच्या चालीला साठ हजारांचं नुकसान दिसलं की तो बाजूला होतो, झालं. देशी नियमात मात्र "शह बसला होता का" हे विचारावंच लागतं, कारण त्यावर उडीचा हक्क जातो. म्हणून प्रत्येक चालीनंतर पट फिरवून बघायचं, कुणी राजा मारू शकतंय का. वेग बराच उतरला. आबांना घाई नाही म्हणून ठीक.

दुसरं म्हणजे प्यादं कुठल्या घरात किती मोलाचं याचं जे कोष्टक इंजिनात आहे ते तिकडच्या खेळाचं. सातव्या घरातलं प्यादं त्याला सोन्यासारखं वाटतं. पहिल्याच डावात पठ्ठ्याने कडेचं प्यादं पळवत पळवत सातव्या घरात नेलं, दोन्ही हत्ती स्वतःचे जिवंत! आबा खूष. "आरं, हे लेकरू शिकलेलं हाय पन आपल्यात न्हाई शिकलं."

आणि परीक्षा? देशी नियमांनी पहिल्या चालीला प्याद्यांच्या ८, घोड्यांच्या ४, राजाच्या उड्या २, एकूण १४. दोन्ही बाजूंची एकेक चाल झाली की १९६. इथवर कागदावर मोजता आलं. पुढे ताडून बघायला ठरलेला आकडा नाही, आबा आहेत. वही घेऊन बसलो. राजा एक घर सरकला आणि मग उडी मारली तर? "शह बसला न्हाई ना? मग मारंल की." दोन घोडे जिवंत आणि प्यादं घोड्याच्या रांगेत? "थांबंल." उडी मारून राजाने समोरचं मोहरं मारलं तर? इथं आबा थांबले. म्हणाले, "न्हाई." मग म्हणाले, "अण्णा म्हनायचा मारतो." अण्णा म्हणजे त्यांचा पन्नास वर्षांचा जोडीदार, पारावर रोजचा डाव. तो गेला तीन वर्षांपूर्वी. तेव्हापासून आबांशी या नियमांनी खेळणारं गावात कुणी उरलेलं नाही, पोरं फोनवर तिकडचं खेळतात. त्यात वावगं काही नाही, आमच्याच जिल्ह्याचा शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला, ते काही अडीच घरं उडणाऱ्या राजावर नव्हे.

उलटा प्रवास पूर्वीच झालेला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, १८१४ साली, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. संस्कृतातून आणलेलं, आणि शीर्षकातच लिहिलं होतं की हे युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलंय. म्हणजे पोर्टच की राव! आणि मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला, पुढे तिकडचे नियम शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेता झाला. असो.

सनफिश जीपीएल परवान्याखाली आहे, तेव्हा माझा पोर्टही त्याच परवान्याखाली खुला ठेवलाय. भाषा बदलली म्हणून मूळ हक्क बदलत नाहीत. स्टॉकफिशवाल्यांनी २०२१ मध्ये चेसबेसला याच परवान्यावरून कोर्टात खेचलं होतं, २०२२ मध्ये तडजोड झाली.

उडी मारून मारायचा नियम सध्या सेटिंगमध्ये टाकलाय. दोन पर्याय, एकाला नाव दिलंय "आबा", दुसऱ्याला "अण्णा". मागच्या रविवारी आबांनी फोन मागून घेतला, चष्मा चढवला, बराच वेळ ती दोन नावं बघितली आणि "अण्णा" दाबून डाव मांडला. तुमच्याकडे, नगरात म्हणा नाहीतर कुठंही, घरात कुणी असं खेळणारं असेल तर हा एक प्रश्न जरूर विचारा आणि मला कळवा. तिसरं उत्तर आलं तर तिसरा पर्याय टाकतो.