भाता आणि हातोडी

मी मूळचा इंदापूरचा. पण शिक्षणासाठी बारामतीला आत्याकडे राहिलो आणि तिथेच पेटी शिकू लागलो. गुरुजींनी पहिले दोन महिने एकही गाणे दिले नाही. दिला तो नुसता षड्ज! बोट पट्टीवर तसेच ठेवायचे आणि भाता कमीजास्त करायचा. ‘वाढव,’ म्हणायचे, मग, ‘उतरव.’ मोरोपंतांच्या गावात राहून आपल्या नशिबी एकच अक्षर गिरवणे यावे, याचा मला संताप येई. ‘फी फुकट जाते आहे,’ असे मी आईला पत्रातही कळवले होते.

पेटीची पट्टी म्हणजे नुसते दार. ते हळू उघडा की धाडकन, आवाज लहानमोठा करतो तो भात्याचा वारा. ही सवय हातात इतकी मुरली, की पुढे पुण्यात एका स्नेह्यांकडे पियानोपुढे बसलो आणि चांगलीच फजिती झाली. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते. तिचा वेग जितका जास्त, तितका आवाज मोठा आणि उजळ. इटलीत क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवले. त्याच्या मूळ नावातच ‘हळू’ आणि ‘मोठ्याने’ हे दोन्ही शब्द आहेत. मी मात्र दोन्ही हातांनी सगळ्या पट्ट्या सारख्याच बडवल्या आणि झकास वाजले म्हणून खूष झालो!

यजमानीणबाई लहानपणापासून पियानो शिकलेल्या. त्या हसून म्हणाल्या, ‘अहो, तुमचा डावा हात उजव्याला बोलूच देत नाही!’

मला एकच मोठा आवाज ऐकू येत होता. त्यांना त्यात दोघांचे भांडण ऐकू येत होते. कान माझेही शाबूत होते. पण कुठला सूर कुणावर चढला, हे निवडायला त्यांचा कान शिकला होता. गुरुजींचा षड्ज मला त्या दिवशी थोडासा कळला.

उरलेला कळला तो गेल्या दिवाळीत. आईला आता कमी ऐकू येते. जन्मभर भजनात रमलेली बाई! तिला ऐकू जावे म्हणून मी पेटीचा भाता जोरजोरात हाणू लागलो. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

‘अरे, ओरडतोस कशाला? मी काय शेताच्या बांधावर उभी आहे?’

मी चकितच झालो. डॉक्टरांनी मागाहून उलगडा केला. वयाने कान थकला, की हळू आवाज नाहीसे होतात; पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे लागतात, कधी बोचतातही. मधली जागाच अरुंद होते.

दुसऱ्या दिवशी मी आधाराचे सूर बंद केले, वरचे सप्तक सोडले, आणि षड्जावर बोट ठेवून भाता हळूहळू वाढवत नेला. आईच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. एका ठिकाणी तिची मान हलली. तिथेच थांबलो आणि तेवढ्याच आवाजात तिचा आवडता अभंग सावकाश वाजवला. तिने मांडीवर ताल धरला.

त्या दोन महिन्यांची फी आईच्या पदरात पडायला चाळीस वर्षे लागली.